पात्याचे पोलाद: इनामगावच्या गारेपासून व्हॅनेडियमपर्यंत

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांची ओळख सांगताना लोक ऊस आणि साखर कारखाने, रांजणगावचा महागणपती, रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती आणि दौंडचे रेल्वे जंक्शन यांची नावे घेतात. परंतु घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा हा अवर्षणाचा मुलूख आणखी एका कारणाने लक्षणीय आहे, आणि ते कारण असे की, कापण्यासाठी मनुष्याने जी पाती घडविली त्यांचा साडेतीन हजार वर्षांचा इतिहास येथे थोड्याशा टापूत वाचावयास मिळतो. गेल्या अर्धशतकात अमेरिका, स्वीडन, जर्मनी, जपान या देशांत पात्यांसाठी जी नवनवी पोलादे निघाली, आणि ज्यांच्या अक्षरे-आकड्यांनी बनलेल्या नावांची चर्चा शौकीन मंडळी मोठ्या चवीने करतात, त्यांचे मर्म जाणून घेण्यासाठी परदेशातील प्रयोगशाळांकडे पाहण्यापूर्वी या मुलखातील जुन्या पात्यांकडे पाहणे अधिक सोयीचे आहे. कारण पदार्थ बदलले, भट्ट्या बदलल्या, तरी पात्यापुढचा प्रश्न तोच राहिला आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे खेडे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदत असलेली शेतकऱ्यांची एक वसाहत उजेडात आणली. घरे, धान्याचे कोठार, पाण्यासाठी काढलेला पाट, चार पायांच्या रांजणातील दफन अशा गोष्टींमुळे इनामगावचे नाव पुरातत्त्वाच्या ग्रंथांत अजरामर झाले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती तेथे सापडलेली गारेची लहान लहान पाती. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत कॅल्सेडनी, अकीक अशा जातींच्या गारा तयार होतात आणि पाषाण झिजला की नदीच्या पात्रात येऊन पडतात. इनामगावचे कारागीर अशी गार निवडून तिच्या एका अंगावर आलटून पालटून टवके काढीत, एक सरळ कणा उभा करीत, आणि मग त्या कण्याच्या अनुरोधाने समांतर कडांची लांबट पाती एकामागून एक सोडवून घेत. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसविली म्हणजे विळा तयार होई. तांबे त्यांना ठाऊक होते, त्याच्या छिन्न्या, गळ आणि बांगड्या ते वापरीतही. परंतु तांबे दुर्मीळ होते, आणि धार धरण्याच्या कामी ते गारेपुढे टिकणारेही नव्हते.

येथेच पात्याच्या शास्त्रातील मूळ प्रश्न हाती लागतो. पदार्थाचे काठिण्य मोजण्याची विकर्स नावाची एक रीत आहे. हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने पदार्थावर दाबून उमटलेल्या खळग्यावरून तीत अंक काढतात. या मोजणीत गारेच्या वर्गातील क्वार्ट्झचे काठिण्य हजाराच्या वर भरते, तर उत्तम रीतीने पाणी दिलेल्या पोलादाचे सातशे ते साडेआठशेच्या आसपास. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शिरूरकराच्या विळ्याचे पाते आजच्या बहुतेक सुऱ्यांहून कठीण होते! मग मनुष्याने ते टाकून का दिले? कारण गारेला काठिण्य आहे पण चिवटपणा नाही. हाडावर आदळली, फटीत अडकून पिळली, की ती तडकते; तिला वाकणे ठाऊक नाही. उलट तांबे वाकते, चेपते, पण तुटत नाही, आणि म्हणूनच त्याची धार टिकत नाही. काठिण्य आणि चिवटपणा हे एकमेकांच्या विरुद्ध ओढणारे गुण आहेत. एक वाढवावा तर दुसरा घटतो. पात्याच्या साऱ्या इतिहासात या दोहोंमध्ये वेळोवेळी तह होत आले आहेत, आणि आधुनिक पोलादाची प्रत्येक नवी जात म्हणजे त्या तहाची नवी कलमे होत.

लोखंड आले तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटला असे नाही. विदर्भात, नागपूरजवळच्या नायकुंड येथे महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली आहे. परंतु निव्वळ लोखंड मऊच असते. त्याला पात्याची योग्यता येते ती कार्बनामुळे. लोखंडात शेकडा अर्धा ते एक भाग कार्बन असला, तो धातू लाल होईपर्यंत तापविला आणि एकदम थंड केला, म्हणजे कार्बनाचे अणू लोखंडाच्या स्फटिकात कोंडून राहतात, स्फटिकाची घडण ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाची अत्यंत कठीण, परंतु ठिसूळ अवस्था निर्माण होते. गावचा लोहार ज्याला पाणी देणे म्हणतो ते हेच. असे पाते तसेच वापरले तर ते काचेसारखे फुटेल. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा मंद आचेवर धरतो आणि घासून उजळलेल्या पृष्ठभागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा असा जो रंग चढत जातो, त्यावर नजर ठेवून योग्य क्षणी आच थांबवितो. पिवळ्यावर थांबला तर धार कडक, निळ्यावर थांबला तर पाते लवचीक. काठिण्याचा थोडा हिस्सा सोडून चिवटपणा पदरात पाडून घेण्याची ही युक्ती आजही प्रत्येक पोलादाला, मग ते कितीही महाग असो, लागू आहे.

कार्बनाचे प्रमाण याहून वाढविले तर जादा कार्बन लोखंडाशी किंवा अन्य धातूंशी संयोग पावून कार्बाइडचे सूक्ष्म कण बनवितो. चुन्याच्या कोब्यात खडी बसावी तसे हे कण पोलादाच्या गाभ्यात बसतात. झीज सोसतात ते कण, आणि धक्का सोसतो तो गाभा. हे रहस्य आपल्या देशातील कारागिरांना, त्याची मीमांसा करता येत नसली तरी, कृतीने अवगत होते. तेलंगणातील कोनसमुद्रम् येथे बंद मुशीत तयार होणारे पोलाद इराणी व्यापारी विकत नेत, आणि त्याच्या तरवारींवर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी दिसे ती कार्बाइडच्या ओळींचीच असे. १७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले आणि तेव्हापासून युरोपातील विद्वानांची त्यावर जणू झडप पडली. फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला; डेव्हिड मशेट याने त्यावर प्रयोग केले. या नक्षीचे कारण मात्र दोन शतके गूढच राहिले. १९९८ साली अमेरिकेतील व्हर्होव्हन, पेंड्रे आणि डाउक्श यांनी असे दाखविले की, खनिजाबरोबर आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचा शेकडा काही शतांश इतका अल्प अंशही या ओळी जुळविण्यास पुरेसा होतो. व्हॅनेडियमचे हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्याचीच गाठ पडणार आहे.

आता पुन्हा घोड-भीमेच्या खोऱ्यात येऊ. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या न्हावऱ्याच्या घोडगंगा आणि पाटसच्या भीमा या कारखान्यांच्या परिसरात वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बुंध्याकडच्या कांड्यांत साखरेचा अंश अधिक, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा असा शिरस्ता. आणि जमिनीलगत तोडावयाचा म्हणजे कोयत्याची धार वारंवार मातीत, मुरमात आणि त्यातील गारेच्या कणांत जाणार. इनामगावच्या शेतकऱ्याने ज्या पदार्थाचा विळा केला, तोच पदार्थ आता कणांच्या रूपाने कोयत्याची धार खातो! शिवाय उसाच्या सालीतही सिलिकेचा अंश असतोच. अशा कामासाठी लोहार जे पोलाद वापरतो ते बहुधा भंगारातून आणलेल्या मालमोटारीच्या कमानीच्या पाट्याचे. या पाट्यात शेकडा अर्धा ते पाऊण भागाच्या दरम्यान कार्बन आणि जोडीला सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम असते. त्याची घडणच मुळी लाखो हेलकावे सोसून न तुटण्यासाठी झालेली असते. कोयता दगडावर बसला तर धार दुमडावी, पण पाते तुटू नये, आणि दुमडलेली धार बांधावर बसून कानशीने चार हातांत सरळ करता यावी, हा मजुराचा हिशेब आहे. कानस चालावयाची तर पाते कानशीपेक्षा मऊ असलेच पाहिजे, हे त्या हिशेबातील मुख्य कलम.

झीज टाळण्याची विद्या त्याच उसाच्या वाटेवर पुढे भेटते. कारखान्याच्या गव्हाणीवर उसाचे तुकडे करणारी जी जड पाती गरगर फिरतात, त्यांच्या कडांवर क्रोमियम कार्बाइड निर्माण करणाऱ्या वेल्डिंगच्या सळयांनी कठीण थर चढवितात. हंगाम संपला की झिजलेले थर पुन्हा भरावयाचे. क्रोमियम कार्बाइडचे काठिण्य दीड हजारांच्या आसपास, म्हणजे गारेहून अधिक. तेव्हा जो विचार चाकूच्या नव्या पोलादांच्या मुळाशी आहे तो साखर कारखान्याच्या वर्कशॉपात नित्याचाच आहे. फरक इतकाच की गव्हाणीचे पाते बोटभर जाड, आणि चाकूच्या धारेची कड मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी बारीक.

मिश्रधातूंच्या पोलादाची परंपरा पात्यांसाठी नव्हे, तर यंत्रशाळांसाठी सुरू झाली. वर उल्लेखिलेल्या डेव्हिड मशेटचा पुत्र रॉबर्ट याने १८६८ साली टंगस्टन घातलेले असे पोलाद काढले की, ते निव्वळ हवेत थंड झाले तरी कठीण होई. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी त्याला अधिक उष्णतेची प्रक्रिया देऊन हाय स्पीड स्टील सिद्ध केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे हत्यार लाल होऊनही लोखंड कापीत राहिले, तेव्हा पाहणारे थक्क झाले. यंत्रावरच्या हेक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला मूठ बसवून आपल्याकडील कारागीर जो चाकू करतात त्याचे पोलाद पुष्कळदा याच कुळातील. पुढे १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने शेकडा १३ च्या आसपास क्रोमियम असलेले न गंजणारे पोलाद बनविले आणि ते लवकरच सुऱ्यांच्या कारखान्यात शिरले. पत्रा कापणाऱ्या साच्यांसाठी डी-२ नावाचे पोलाद आले. त्यात कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम १२ टक्के. आज सर्वत्र पत्र्याच्या कामाच्या साच्यांत ते वापरतात, आणि चाकूंतही ते लोकप्रिय आहे. गंमत अशी की इतके क्रोमियम असूनही ते गंजते, कारण क्रोमियमचा मोठा वाटा कार्बाइडमध्ये अडकून पडतो. गंज रोखण्यास उपयोगी पडते ते गाभ्यात विरघळलेले क्रोमियमच.

परंतु या सर्व पोलादांत एक व्यंग होते. वितळलेले पोलाद साच्यात ओतले म्हणजे त्याचा मोठा ठोकळा सावकाश निवतो, आणि त्या अवधीत कार्बाइडचे कण वाढत जाऊन त्यांची जाळी तयार होते. ठोकळा लाटला म्हणजे त्या जाळीच्या ओळी बनतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. धारेची कड एखाद्या मायक्रॉनची आणि कण वीस-तीस मायक्रॉनचे, अशी विसंगती झाली की कण धारेतून निखळतो आणि त्याजागी खाच पडते. कार्बाइड वाढवावे तर पाते ठिसूळ, घटवावे तर झिजरे, असा पेच होता.

तो १९७० च्या सुमारास सुटला, आणि तो सोडविण्याचे श्रेय न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस येथील क्रुसिबल कंपनी व स्वीडनमधील कारखानदार यांच्याकडे जाते. युक्ती अशी: वितळलेल्या पोलादाची बारीक धार सोडावयाची आणि तिच्यावर मोठ्या दाबाने नायट्रोजन वायूचा झोत मारावयाचा. धारेचे असंख्य थेंब होतात आणि प्रत्येक थेंब क्षणार्धात गोठतो. गोठण्यास वेळच न लागल्यामुळे कार्बाइडचे कण वाढू शकत नाहीत. ही भुकटी पोलादी डब्यात भरून, हवा काढून, डबा बंद करतात आणि सुमारे अकराशे अंश उष्णतेत, वातावरणाच्या सुमारे हजारपट दाबाखाली दाबून एकजीव करतात. निघालेल्या ठोकळ्यात कण असतात दोन-चार मायक्रॉनचे आणि सर्वत्र सारखे विखुरलेले. या एका हुन्नराने तहाची कलमेच बदलली. पूर्वी ज्या प्रमाणात कार्बाइड घालण्याची छाती होत नसे ते आता घालता येऊ लागले.

येथे व्हॅनेडियम पुन्हा भेटते, पण आता शतांशाने नव्हे. व्हॅनेडियम कार्बाइडचे काठिण्य अठ्ठावीसशेच्या आसपास, म्हणजे क्रोमियम कार्बाइडच्या जवळजवळ दुप्पट आणि गारेच्या अडीचपट. १९७८ सालच्या सीपीएम १०व्ही या पोलादात कार्बन जवळजवळ अडीच टक्के आणि व्हॅनेडियम पावणेदहा टक्के आहे. चाकूसाठीच म्हणून खास सिद्ध केलेले एस३०व्ही हे पोलाद २००१ साली आले; त्यात १४ टक्के क्रोमियमबरोबर ४ टक्के व्हॅनेडियम आहे. जपानच्या हिताची कंपनीने काढलेले झेडडीपी-१८९ हे ३ टक्के कार्बन आणि २० टक्के क्रोमियम बाळगते. दुसऱ्या दिशेचे प्रयत्नही झाले. जर्मनीत विमानांच्या बेअरिंगांसाठी क्रोनिडूर ३० निघाले. त्यात कार्बनाचा काही भाग काढून त्याच्या जागी नायट्रोजन घातला आहे, कारण नायट्रोजनही लोखंडास कठीण करतो, पण क्रोमियमला कार्बनाइतका अडकवीत नाही. असे पाते खाऱ्या पाण्यातही सहसा गंजत नाही. २०२१ साली अमेरिकन धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस याचे मॅग्नाकट बाजारात आले, आणि त्यातील विचार सर्वांत मार्मिक म्हणावा लागेल: क्रोमियम वाढविण्याऐवजी ते १०.७ टक्क्यांपर्यंत उतरविले आणि घटकांचे प्रमाण असे बेतले की पाणी दिल्यावर क्रोमियमचे कार्बाइड उरूच नये. त्यामुळे सारे क्रोमियम गाभ्यात राहून गंज रोखते, आणि झीज रोखण्याचे काम व्हॅनेडियम व नायोबियम यांचे बारीक कण करतात. अधिक घालण्यापेक्षा अनावश्यक ते वगळण्याने गुण वाढतो, हे या पोलादाने दाखविले.

या गुणांची किंमतही चोख मोजावी लागते. आपल्या नेहमीच्या धारेच्या दगडातील अॅल्युमिनियम ऑक्साइडचे काठिण्य दोन हजारांच्या आसपास असल्याने ते व्हॅनेडियम कार्बाइडला नीट कापू शकत नाही. हिऱ्याच्या कणांची पट्टी घ्यावी लागते. सहाणेवर चाकू पाजळणाऱ्या फिरत्या कारागिराकडे असे पाते नेले तर तो हात टेकील. उष्णतेची प्रक्रियाही भात्याच्या आवाक्यातील नव्हे. अकराशे अंशांच्या आसपास अगदी थोड्या अंशांचा फरक न चुकता सांभाळावा लागतो, आणि पुष्कळदा शून्याखाली फार खोल गोठवावेही लागते. ही प्रक्रिया बिघडली तर महागडे पोलाद स्वस्त पोलादाहून वाईट कापते. शिवाय कापण्याची सुलभता पोलादापेक्षा पात्याच्या आकारावर अधिक अवलंबून असते. साध्या पोलादाची पातळ सुरी कांदा जितका सहज चिरील, तितका जाड पाठीची व्हॅनेडियमची सुरी चिरणार नाही; पोलाद ठरविते ते इतकेच की ती पातळ धार किती काळ तशी राहील.

तेव्हा निवाडा कामावर सोपविला पाहिजे. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यातील मासळी दिवसभर ओल्या हातांनी साफ करणाराला नायट्रोजनयुक्त किंवा साधे न गंजणारे पोलाद उपकारक होईल. जाड पुठ्ठा, रबर, प्लॅस्टिक कापणाऱ्या कारखान्यातील यंत्रांना व्हॅनेडियमची भुकटीची पोलादे किफायतशीर पडतील, कारण तेथे पाती बदलण्यासाठी यंत्र थांबविणे पात्यापेक्षा महाग. पण उसाच्या फडातील कोयत्यासाठी यांपैकी एकही नको. तेथे चिवटपणा आणि कानशीने येणारी धार यांचेच मोल आहे, आणि कमानीच्या पाट्याची निवड करणाऱ्या लोहाराने धातुशास्त्राचा ग्रंथ न वाचता जो निर्णय दिला तो शास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरतो.

उणे आहे ते निवडीत नव्हे, प्रक्रियेत. भंगारातील पाट्याची जात लोहाराला ठाऊक नसते, भट्टीची उष्णता तो डोळ्यांनी जोखतो, आणि उन्हात लाल रंगाचा अंदाज चुकला की पोलाद फाजील तापून त्याचे स्फटिक मोठे होतात व कोयता पहिल्याच दगडावर तुटतो. यावरचा उपाय परदेशातून आणावा लागत नाही. सुमारे ७७० अंशांवर लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. त्याच्या थोडे वर नेऊन पाते पाण्याऐवजी तेलात बुडवावे, आणि नंतरची मंद आच अंश दाखविणाऱ्या साध्या विजेच्या भट्टीत द्यावी, एवढे केले तरी त्याच पाट्याचा कोयता दुप्पट विश्वासाने वापरता येईल. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशी एक भट्टी लोहारांसाठी खुली ठेवावी आणि साखर कारखान्यांनी माहितीतल्या जातीचे पोलाद त्यांना वाजवी दराने मिळवून द्यावे. नव्या पोलादांच्या शास्त्रातून शिरूर-दौंडने घेण्यासारखे आहे ते हेच.